अंतराळयानातला आरसा

शुक्रवारी सकाळी साडेदहा वाजता रावेरजवळच्या सांगव्याचे सुपडू नारखेडे आमच्या जळगावच्या कचेरीत आले, काखेतली रविवारची पुरवणी माझ्या टेबलावर पसरली आणि म्हणाले, "माह्या जावयाचं चित्र छापनं बंद करा."

पुरवणी मी पाहत असे, म्हणून त्यांना माझ्याकडे धाडलं होतं. त्यांचं बोट शेवटच्या पानावर होतं. तिथे 'घनघोर' नावाची चित्रकथा येत असे, आणि बोटाखालचा चेहरा दुर्मुखाचा होता. दुर्मुख म्हणजे घनघोरच्या बापाचा खून करणारा, तीन ग्रहांवर राज्य करणारा आणि दर रविवारी हातातून निसटणारा खलनायक.

"हे तुमचे जावई?"

"हेच. पुंडलिक. डोये पाहा, नाक पाहा. भुवईतली ही खाच पाहा, अगदी ह्याच भुवईत. सही न् सही."

"काय करतात ते?"

"पिठाची गिरनी चालवतात. ग्रहबिह नाही आपल्याकडं."

"मग अडचण काय?"

"अडचन?" सुपडूभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पोरं गिरनीसमोर उभी राहून ओरडतात, 'दुर्मुख्या, बाप कोनाचा मारला?' गेल्या सोमवारी एकानं धोंडा हानला. काहून, तर घनघोरले मदत केली म्हने! बाया दळन टाकाले कचरतात. माही लेक पान्याले गेली तर मांगून हसतात. मी वकिलाले इचारून आलो, भाऊ. छापनं बंद, नाही तर दावा."

दाव्याचं नाव निघाल्यावर त्यांना संपादकांकडे नेणं भाग होतं. आमचे संपादक भाऊसाहेब मंत्र्याला अग्रलेखात झोडपत आणि साध्या वकिलाच्या नोटिशीने गारठत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खैरनार, आज त्या दुर्मुखाला मारून टाका."

"आपण त्याला तीनदा मारलंय, भाऊसाहेब."

"चौथ्यांदा मारा. आणि या खेपेला तो मेला पाहिजे. चार वाजता पान छपाईला सुटतं. घोलपांना आणि बाईंना बोलवा."

"तो मेल्याबिगर मी हालनार नाही," सुपडूभाऊ म्हणाले, आणि दाराशेजारच्या बाकावर बसून त्यांनी भाकरीचं फडकं सोडलं.

'घनघोर' कशी तयार होई ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तिचे लेखक प्रा. यशवंत घोलप कॉलेजात मराठी शिकवत आणि चित्रकथेवर 'अग्निपुत्र' असं नाव टाकत. ते दर सोमवारी चार ओळींत कथानक सांगत. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या चित्रकला शिक्षिका हेमलता बाविस्कर त्यावरून चित्रं काढत. गुरुवारी प्राध्यापक कचेरीत येत, चित्रं समोर ठेवत आणि पात्रांच्या तोंडापुढच्या फुग्यांत संवाद भरत. आपण सांगितलं काय आणि बाईंनी काढलं काय, याची तक्रार ते करत नसत. चित्रात जे दिसे त्याला शोभेल असं वाक्य बेतत, चहा पीत आणि जात. या पद्धतीने सुडाची कथा चार वर्षं चालली होती. चार वर्षांत सूड इंचभर पुढे सरकला नव्हता, आणि वाचकांना त्याचं काही वाटत नव्हतं. खप वाढत होता.

मला मात्र त्याचं वाटत होतं. मी बातमीदारीत वाढलेला माणूस. अपघाताच्या बातमीत ट्रक पहिल्या परिच्छेदात दक्षिणेकडून आला आणि शेवटच्या परिच्छेदात उत्तरेकडून आला असं लिहिलं की माझे जुने वरिष्ठ कागद तोंडावर फेकत. 'घनघोर'मध्ये पहिल्या भागात बापाचा खून झाला होता, पुढे केव्हातरी त्या बापाचा मामा झाला, आणि दिवाळी विशेष भागात तोच मामा फराळाला बसला होता.

प्राध्यापक बाराच्या सुमाराला आले. त्यांना निकड सांगितली. ते म्हणाले, "मी तर त्याला केव्हाचा मारायला तयार आहे. सूड हा माझ्या घनघोरचा आत्मा आहे."

"आत्मा असेल, सर. पण त्याला बुद्धी द्यायची राहिली," मी म्हणालो. "मागच्या जूनमध्ये तुम्ही दुर्मुखाला सातपुड्यातल्या ज्वालामुखीत ढकललंत."

"ढकललं."

"सातपुड्यात ज्वालामुखी नाही."

"कल्पनेत आहे."

"असू द्या. पुढच्या रविवारी तो जीपमध्ये बसला होता. सदऱ्याला डागसुद्धा नव्हता."

"त्याने अग्निरोधक लेप लावला होता. मी फुग्यात तसं स्पष्ट म्हटलंय."

"चित्र आल्यावर म्हटलंत."

"चित्रकथेत चित्र आधी येतं, खैरनार. तुम्हा बातमीवाल्यांना ते समजायचं नाही."

"बरं. घनघोरला सात भिंतींपलीकडचे काळजाचे ठोके ऐकू येतात. आणि दुर्मुख पडद्याआड शिंकला, ते ऐकू आलं नाही?"

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. "शिंक ही काळजाची भाषा नव्हे," ते म्हणाले.

बाकावरून सुपडूभाऊ म्हणाले, "आमच्या पुंडलिकले शिंका लई येतात. पिठानं."

साडेबाराला बाविस्कर बाई आल्या. सकाळची शाळा सुटल्यावर त्या थेट येत. पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचलेला, बोटांना शाई. चार वर्षांत त्या माझ्याशी कामापलीकडे काही बोलल्याचं मला आठवत नाही. त्या दाराशी बसलेल्या पाहुण्याकडे न पाहता आत आल्या.

"बाई, आज दुर्मुखाचा मृत्यू," भाऊसाहेब म्हणाले. "मोठी चौकट घ्या. प्रेत नीट दिसलं पाहिजे, चेहऱ्यासकट."

"नाही," बाई म्हणाल्या.

"नाही म्हणजे?"

"मी त्याला मेलेला काढणार नाही. दुसऱ्या कोणाकडून काढून घ्या."

"दुसरा कोण आहे चार वाजेपर्यंत?" भाऊसाहेबांचा आवाज चढला. "बाई, अहो चित्रातला माणूस आहे तो!"

"भाऊसाहेब, आता तुमच्यासमोरच सांगतो," प्राध्यापक म्हणाले. त्यांना एकदम जोर आला. "या खैरनारांनी मला आत्ता झापलं. पण तीनही वेळा मी त्याला मारलं होतं. ज्वालामुखीत त्याची राख झाली असं मी सांगितलं होतं. बाईंनी काय काढलं? कडेला लोंबकळणारा दुर्मुख. दरीत कोसळला असं सांगितलं, तर झाडाला अडकलेला दुर्मुख. मग मी फुग्यात काय लिहू? श्रद्धांजली?"

हे मला नवीन होतं. मी चार वर्षांतल्या अंकांची फाईल कपाटातून काढली आणि चाळू लागलो. घनघोरचा चेहरा दर महिन्याला वेगळा होता. कधी जबडा मोठा, कधी कपाळ लहान. नायकाकडे बाईंचं लक्षच नव्हतं. दुर्मुख मात्र पहिल्या अंकापासून जिवंत माणूस होता. खोल गेलेले डोळे, नाकाचा उजवीकडे वळलेला शेंडा, भुवईत खाच. आणि तो दर अंकात काहीतरी हाकत असे.

"बाई, मला एक सांगा," मी म्हणालो. "तो जीपमध्ये असतो, तेव्हा समोर आरसा. ठीक आहे. रथात असतो, तरी आरसा. गेल्या महिन्यात त्याला अंतराळयानात बसवलंत. तिथेही काचेवर मधोमध आरसा, त्याला लिंबू-मिरची बांधलेली, आणि आरशात त्याचं तोंड. अंतराळात मागून कोण येणार आहे?"

भाऊसाहेब हसले. बाई हसल्या नाहीत.

"मी त्याला तेवढंच पाहिलंय," त्या म्हणाल्या. "आरशात."

मग त्यांनी सांगितलं. शाळेत एखादा धडा सांगावा तसं, सरळ.

पाच वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या भावाचं, उत्तमचं, लग्न होतं. नवरी औरंगाबादकडची. वऱ्हाड एका मॅटाडोरमधून निघालं. ठरलेला ड्रायव्हर आलाच नाही. गाडीमालकाने स्टँडवरून कोणीतरी बदली ड्रायव्हर उचलला, नावही न विचारता. बाई केबिनमध्ये मागच्या फळीवर बसल्या होत्या, मांडीवर रुखवताचं ताट. समोर आरसा होता आणि आरशात ड्रायव्हरचा चेहरा. चाळीसगावला तो चहा म्हणून उतरला आणि परत आला तो दारूचा वास घेऊन. कन्नडच्या घाटात गाडी ताब्यातून सुटली. त्याने आरशात मागे एकदा पाहिलं, दार उघडलं आणि उडी टाकली. उत्तम गेला. त्याच्याबरोबर मामा, दोन चुलत्या आणि वाजंत्रीवाला. केबिन झाडाला अडकली म्हणून बाई राहिल्या.

"पोलिसांना त्याचं नाव माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं. मालक म्हणाला, काळासा होता. मी त्यांना चित्र काढून दिलं. त्यांनी ते फाईलला लावलं. फाईल कोण बघतं? मग ह्या सरांनी खलनायक मागितला. तुमचा पेपर खान्देशातल्या गावागावांत जातो. चहाच्या टपरीवर जातो, न्हाव्याच्या दुकानात जातो. मी म्हटलं, कोणीतरी ओळखेल."

प्राध्यापक म्हणाले, "वा! बाई, हे आधी सांगायचं नाही का? ही तर खरी कथा! हे आपण फुग्यांत घेऊ."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ते चष्मा काढून पुसू लागले.

त्याच क्षणी भाऊसाहेबांनी जे केलं ते भाऊसाहेबच करू जाणे. समोरच्या या दोन माणसांना एकमेकांपासून लांब ठेवायला हवं, हे कोणत्याही शिकाऊ बातमीदाराला कळलं असतं. भाऊसाहेब टेबलावर हात आपटून म्हणाले, "अहो, ओळखला ना! म्हणून तर सगळा घोळ झालाय! हे सांगव्याचे नारखेडे. यांच्या जावयाची आणि त्याची सही न् सही तोंडं आहेत म्हणे!"

बाई वळल्या. सुपडूभाऊंच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो त्यांनी फडक्यात परत ठेवला.

"जावई काय करतात तुमचे?" बाईंनी विचारलं.

"गिरनी हाये आपली."

"आधी?"

"आधी..." सुपडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. बाईंची हकिगत त्यांनी शब्द न् शब्द ऐकली होती. पण खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला ते ऐन वेळी सुचत नाही. "आधी गाडीवर होता."

"कसल्या गाडीवर?"

"कसल्याबी. बदली म्हून जाये. मंग सोडलं त्यानं. म्हने, घाट नको वाटते. मी म्हटलं, बरं झालं, लेक तरी डोयासमोर राह्यल. गिरनी टाकून देली."

"केव्हा सोडलं?"

"झाली असतील चार-पाच वर्सं."

बाई टेबलाची कड धरून उभ्या होत्या. खोलीतल्या सगळ्यांनी मनातल्या मनात निकाल लावून टाकला होता. भाऊसाहेबांचा हात फोनवर होता. प्राध्यापकांनी खिशातून पेन काढलं होतं. चार वर्षं मी ज्या कथेची टर उडवत आलो, तिचा शेवट इतका गोळीबंद यावा, हेच मला खटकलं. मी फाईल पुन्हा उघडली.

"थांबा," मी म्हणालो. "बाई, हे पाहा. हा आरशातला दुर्मुख. खाच डाव्या भुवईत. आणि हा समोरून काढलेला दुर्मुख. इथेही खाच डाव्याच भुवईत."

"मग?"

"आरशात बाजू उलटते. एकीकडे डावी असेल तर दुसरीकडे उजवी हवी. दोन्ही चित्रं खरी असू शकत नाहीत. माणसाची खाच नेमकी कुठल्या भुवईत होती?"

बाईंनी फाईल आपल्याकडे ओढली. एक अंक पाहिला, दुसरा पाहिला, मग भराभर मागची पानं उलटू लागल्या. चित्रकला शिकवणाऱ्या बाई त्या. ही चूक सातवीच्या पोरीने केली असती तर त्यांनी कागद परत दिला असता. चार वर्षांत त्यांच्या ती लक्षात आली नव्हती. प्राध्यापकांना ती लक्षात यायचा प्रश्नच नव्हता. मीही आरसा का, एवढंच विचारत राहिलो होतो.

"आरशात मला डावीकडे दिसली," बाई हळू म्हणाल्या. "म्हणजे त्याची उजवी? की डावीच? पण पोलिसांसाठी काढताना मी... मी उलटवून घेतलं असेल. कोणीही घेईल. नाही तर तसंच उतरवलं असेल." त्यांनी डोळे मिटले. "आता मला चेहरा आठवत नाही, खैरनार. मला चित्र आठवतं."

मग डोळे उघडून त्यांनी सुपडूभाऊंना विचारलं, "तुमच्या जावयाची खाच कुठल्या भुवईत आहे?"

सकाळी साडेदहाला त्यांनी माझ्यासमोर बोट ठेवून सांगितलं होतं, अगदी ह्याच भुवईत. आता त्यांचा हात कपाळाकडे गेला. डाव्या भुवईपाशी थांबला. मग उजवीकडे गेला. आमच्या तोंडांकडे त्यांनी एकेक करून पाहिलं. कुठल्या भुवईने जावई सुटतो आणि कुठल्या भुवईने अडकतो, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात बसत नव्हता. खरं सांगायचं तर तेव्हा तो आमच्याही डोक्यात बसत नव्हता.

"उजवी," ते म्हणाले. मग म्हणाले, "नाही, डावी. समोर उभं राह्यलं का... मले नाही सांगता येत. घरचा मानूस हाये. घरच्या मानसाची भुवई कोन पाहते?"

"मी येते सांगव्याला. मी पाहीन," बाई म्हणाल्या.

सुपडूभाऊ उठले. टोपी घातली. टेबलावरची पुरवणी उचलली, घडी केली, आणि पुन्हा तिथेच ठेवली.

"या," ते म्हणाले. "तुमचा भाऊ गेला, तुमाले नाही म्हननारा मी कोन? पन बाई, तिथं माही लेक हाये. तिले दोन लेकरं हायेत. तुमी त्याले पाहाल आन् म्हनाल, हाच. मंग तुमी मोकया. आन् तो नसला तं? तुमी तं चार वर्सांपासून त्याचंच तोंड काढू राह्यल्या. तुमाले तो नाही, असं दिसंल का?"

बाईंनी फाईल मिटली. सुपडूभाऊ दाव्याचं नाव न काढता निघून गेले. भाकरीचं फडकं बाकावर राहिलं. शिपाई धावत जाऊन देऊन आला.

चार वाजता पान सुटायचं होतं, आणि सुटलं. बाईंनी तिथेच बसून चित्र काढलं. दरड कोसळलेली, दगडांचा ढीग, ढिगावर पाठमोरा घनघोर. प्रेत नाही, चेहरा नाही. प्राध्यापकांनी फुगा भरला: 'बाबा, तुमचा सूड पूर्ण झाला!' दोन वाक्यांआधी घनघोरने 'मामा' म्हटलं होतं. मी ते दुरुस्त केलं नाही. लोकांना शेवट फार आवडला. दुर्मुख खरंच मेला का, असं विचारणारा एकही वाचक भेटला नाही. पुढच्या वर्षी नगर वाचनालयात प्राध्यापकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. 'सुडाचं सौंदर्यशास्त्र' या विषयावर ते दीड तास बोलले.

बाई रविवारी सांगव्याला गेल्या. सोमवारी मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तो दळत होता. भुवया पिठाने पांढऱ्या होत्या. धुऊन ये म्हणायचा धीर झाला नाही."

पोलिसांना त्यांनी काही कळवलं नाही. मीही कळवलं नाही; माझ्याकडे बातमी नव्हती, संशय होता. भाऊसाहेबांनी फोन केला असेल असं मला काही दिवस वाटत राहिलं. नंतर कळलं, त्यांना सांगव्याचं नावही आठवत नव्हतं.

जूनमध्ये बाईंनी बदली मागून घेतली. सांगव्यासारख्या गावातून सुटायला मास्तर लोक वशिले लावतात. बाईंनी तिथे जायला अर्ज केला. कचेरीत त्यांची टिंगल झाली. बाईंना केळीच्या बागा आवडल्या असतील, असं कोणीतरी म्हणालं. मी त्या हसण्यात नव्हतो, पण थांबवलंही नाही.

पुढच्या काही वर्षांत त्या मला एकदा रावेरच्या स्टँडवर भेटल्या. गाडीला वेळ होता.

"तोच आहे का?" मी विचारलं.

"मुलगी माझ्या वर्गात आहे त्याची. हात चांगला आहे तिचा." त्या थांबल्या. "खाच उजव्या भुवईत आहे, खैरनार. पहिल्याच आठवड्यात पाहिली. सुपडूभाऊ तुमच्याकडे चुकीचं सांगून गेले होते."

"मग?"

"मग काय? मी उलटवून काढलं होतं की नाही, ते कुठे आठवतंय? समोरून पाहते तेव्हा वाटतं, हा नव्हे. पाठमोरा असला की वाटतं, हाच."

"त्याला विचारलंत कधी?"

"त्याने मला विचारलं," बाई म्हणाल्या. "म्हणाला, बाई, तुम्ही माझ्याकडे अशा का पाहता? मी म्हटलं, चित्र काढायचंय तुमचं. तो म्हणाला, नको." गाडी लागली आणि त्या चढल्या.

गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुंडलिक घरातून निघून गेला. आमच्या रावेरच्या बातमीदाराने चार ओळींची बातमी पाठवली. आतल्या पानावर ती मी स्वतः लावली. भांडण नाही, निरोप नाही. गिरणीचा पट्टा उतरवून खुंटीला टांगलेला होता. त्याच्या बायकोने हरवल्याची तक्रार दिली. पोलिसांनी फोटो मागितला. घरात त्याचा फोटो सापडला नाही. लग्नाच्या फोटोत मुंडावळ्यांनी चेहरा झाकला आहे, आणि मतदार ओळखपत्रासाठी गावात फोटो काढले त्या दिवशी तो बाहेरगावी होता.

तेव्हा सुपडूभाऊ लेकीला घेऊन बाईंच्या दारी गेले आणि त्यांना पुंडलिकचं चित्र काढून द्या म्हणाले. आमच्या बातमीदाराच्या सांगण्याप्रमाणे, बाईंनी त्या दोघांना घरात बसवलं आणि चहा दिला. चित्र त्यांनी अजून दिलेलं नाही.